कोटिंग बदलण्याआधी धार बघा: एसएस ३०४ आणि लवकर मरणारी एंड मिल

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नेमकं कशाला उत्तर देतोय ते स्पष्ट राहील. व्हीएमसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशिनवर, एसएस ३०४ या स्टेनलेस स्टीलचे ब्रॅकेट, १० मिमीची चार फ्लूटची (म्हणजे चार दातांची) सॉलिड कार्बाइड एंड मिल, म्हणजे बाजूने आणि टोकाने कापणारं फिरतं टूल, २८०० आरपीएम, २५० मिमी प्रतिमिनिट फीड, खोली १२ मिमी, बाजूने अर्धा मिमी कट, कूलंट चालू. आधी टायटॅनियम अल्युमिनियम नायट्राइडचं, म्हणजे आपण टीआयएएलएन म्हणतो ते कोटिंग असलेलं टूल वापरत होता. मग 'नॅनो कोटिंग'चं बरंच महाग टूल घेतलं आणि तेही जेमतेम तेवढेच जॉब चाललं. धारेवर बारीक टवके उडतात, त्या जागी कोटिंग गेलेलं दिसतं. म्हणून तुम्ही विचारताय की सगळ्यात जास्त टिकणारं कोटिंग कोणतं, आणि जुन्या टूलला पुन्हा धार लावून कोटिंग करून घेतलं तर चालेल का.

पहिल्या प्रश्नाला एका नावाचं उत्तर नाही. खरा प्रश्न असा आहे की तुमचं टूल मरतंय कशाने. कोटिंग हे एका विशिष्ट प्रकारच्या झिजेवरचं औषध असतं. टूल उष्णतेने मरत असेल तर एक कोटिंग उपयोगी पडतं, जॉबचा धातू धारेला चिकटत असेल तर दुसरं, नुसतं घासून झिजत असेल तर तिसरं. आणि धार तुटत असेल तर बहुतेक वेळा कोणतंच नाही. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून माझा अंदाज या शेवटच्या गटाकडे झुकतो. अंदाज म्हणतोय, कारण मी तुमची धार पाहिलेली नाही. होल्डर (टूल धरणारा भाग) कोणता, टूल बाहेर किती काढलंय, जॉब कसा पकडलाय यावरही बरंच अवलंबून आहे. पण फीडचा आकडा मला आत्ताच खटकतोय, त्याच्याकडे वळतोच.

आधी धार कशी बघायची ते सांगतो. माझं काम टूल ग्राइंडिंगचं आणि कोटिंगला जाणारी-येणारी टूल तपासण्याचं. लोक माझ्याकडे पूर्ण मेलेलं टूल घेऊन येतात आणि विचारतात, हे का गेलं? तोपर्यंत सगळे पुरावे पुसलेले असतात. टवका उडाला, त्यावर घर्षण झालं, ती जागा तापली, वर धातू चिकटला, की सुरुवात कुठून झाली हे कळत नाही. म्हणून टूलचं नेहमीचं आयुष्य जेवढं असतं, त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शात ते काढा, स्वच्छ पुसा आणि वीस पट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली चारही दात बघा. हल्ली संगणकाला जोडायचे छोटे मायक्रोस्कोप मिळतात, तेही पुरतात. त्यात फोटो ठेवता येतो हा मोठा फायदा.

धारेच्या मागच्या बाजूला, म्हणजे फ्लँकवर, सरळ, एकसारखा चकचकीत पट्टा दिसला तर ती निरोगी झीज. तिथे चांगल्या कोटिंगने आयुष्य नक्की वाढतं. चिप (कापून निघणारा धातूचा तुकडा) ज्या पृष्ठभागावरून सरकते तिथे धारेच्या जरा मागे खळगा पडला असेल तर ते उष्णतेचं आणि रासायनिक झिजेचं लक्षण. अल्युमिनियम जास्त असलेलं कोटिंग किंवा कमी स्पीड हा त्यावरचा उपाय. धारेला काटकोनात, कंगव्याच्या दातांसारख्या बारीक चिरा असतील तर धार तापते आणि थंड होते या चक्राने त्या पडल्यात, म्हणजे कूलंट अर्धवट पोचतोय. धारेवर धातूचा थर चढलेला आणि शेजारी टवका उडालेला दिसला, तर चिकटलेला धातू सुटताना कोटिंगसकट कार्बाइडही घेऊन गेलाय. नुसताच कोरडा, तुटका टवका असेल तर कंप, रनआउट (टूल बरोबर मध्यावर न फिरणं) किंवा धार अतितीक्ष्ण असणं. आणि फक्त कटच्या वरच्या रेषेवर, तुमच्या बाबतीत टोकापासून १२ मिमीवर, खाच पडली असेल तर तो स्टेनलेसचा खास आजार.

स्टेनलेसबद्दल इथे दोन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात. ३०४ ची उष्णता वाहून नेण्याची क्षमता साध्या कार्बन स्टीलच्या साधारण एक तृतीयांश. त्यामुळे कटिंगची उष्णता जॉबमध्ये आणि चिपमध्ये पसरायच्या ऐवजी धारेजवळ साचते. दुसरं म्हणजे हा धातू दाबला की कडक होतो. ३०४ ची पट्टी वाकवा आणि वाकवलेल्या जागी चुंबक लावून बघा. मुळात चुंबकाला दाद न देणारी पट्टी तिथे थोडी ओढ दाखवते. दाबामुळे ऑस्टेनाइटचा, म्हणजे ३०४ च्या मूळ स्फटिकरचनेचा, काही भाग मार्टेन्साइट या कडक, चुंबकीय रचनेत बदललेला असतो. टूल कापायच्या ऐवजी घासलं तर पृष्ठभागावर असाच कडक थर तयार होतो आणि पुढच्या दाताला तो कडक थर कापावा लागतो.

आता तुमचे आकडे. १० मिमी व्यास आणि २८०० आरपीएम म्हणजे कटिंग स्पीड ८८ मीटर प्रतिमिनिट. ३०४ मध्ये कार्बाइडसाठी हे ठीकच आहे. २५० ला २८०० ने आणि चार दातांनी भागलं की दर दाताला फीड येतं ०.०२२ मिमी, म्हणजे २२ मायक्रॉन. पण तुम्ही बाजूने फक्त अर्धा मिमी कापताय. टूलच्या व्यासाच्या मानाने कट इतका उथळ असला की खरी चिप फीडपेक्षा खूप पातळ निघते. भूमितीने हिशेब केला तर तुमच्या कटमध्ये चिपची जास्तीत जास्त जाडी साधारण १० मायक्रॉन येते. क्लाइंब मिलिंगमध्ये चिप जाड सुरू होऊन शून्यावर संपते, म्हणजे सरासरी ५ मायक्रॉन.

आता धारेकडे या. चांगल्या कार्बाइड एंड मिलची धार मुद्दाम किंचित गोल केलेली असते, कारण अगदी ब्लेडसारखी धार कार्बाइडला टिकत नाही. ती गोलाई ६ मायक्रॉन त्रिज्येची आहे असं धरू. त्यावर ३ मायक्रॉन कोटिंग बसलं की बाहेरची त्रिज्या ९ मायक्रॉन होते. म्हणजे ९ मायक्रॉन गोलाईची धार सरासरी ५ मायक्रॉनची चिप काढायचा प्रयत्न करतेय. यात कापणं कमी आणि रेटणं-घासणं जास्त होतं. प्रत्येक दात पुढच्या दातासाठी कडक थर तयार करून ठेवतो. आणि तुम्ही महाग कोटिंग घेतलंत, तेव्हा हे आकडे तसेच राहिले. कोटिंगचा थर जाड असेल तर उलट थोडे बिघडलेच.

यात रनआउट मिळवा. कोलेटमध्ये, म्हणजे होल्डरमध्ये टूल आवळणाऱ्या बाहीत, १५ मायक्रॉन रनआउट ही काही दुर्मिळ गोष्ट नाही. डायल लावल्याशिवाय ती लक्षातही येत नाही. १५ मायक्रॉन रनआउट म्हणजे केंद्र साडेसात मायक्रॉन सरकलेलं. चार दातांत हे असं वाटलं जातं की लागोपाठच्या दोन दातांना साडेसात मायक्रॉन जास्त कापावं लागतं आणि उरलेल्या दोघांना तेवढंच कमी. तुमच्या १० मायक्रॉनच्या चिपवर याचा अर्थ ढोबळमानाने असा, की दोन दात १७ मायक्रॉन कापतात आणि दोन दात अडीच मायक्रॉनवर नुसते घासत फिरतात. भिंगाखाली दोन दात टवकलेले आणि दोन दात फक्त चमकलेले दिसले तर दुसरं कारण शोधू नका, होल्डर तपासा.

म्हणून माझा पहिला सल्ला फीड वाढवण्याचा. चिपची जाडी ३० मायक्रॉनपर्यंत नेली की ती धारेच्या गोलाईच्या बऱ्याच पुढे जाते आणि टूल खरोखर कापायला लागतं. अर्धा मिमी कटला त्यासाठी दर दाताला साधारण ०.०७ मिमी फीड लागेल, म्हणजे याच आरपीएमवर साडेसातशेच्या पुढे. हा आकडा ऐकून ऑपरेटर दचकतात. एकदम तिथे जाऊ नका. ४०० वर चालवा, आवाज ऐका, धार बघा, मग ५५०, मग पुढे. फिनिश बिघडेल ही भीती असेल तर त्याचाही हिशेब करून बघा: ०.०७ फीडने भिंतीवर राहणाऱ्या लाटांची उंची सैद्धांतिकदृष्ट्या एका मायक्रॉनच्या आठव्या हिश्शाएवढी येते. तुमची फिनिश कंप आणि रनआउट बिघडवतात, फीडमुळे ती क्वचितच जाते. त्याच १५ मायक्रॉन रनआउटवर ३० मायक्रॉनची चिप असेल तर दातांवरचा भार साडेसदतीस आणि साडेबावीस असा वाटला जातो. फरक राहतो, पण घासणारा दात एकही उरत नाही.

यात काही अटी आहेत. ब्रॅकेट पातळ पत्र्याचे असतील, पकड लांब असेल, किंवा आतल्या कोपऱ्याची त्रिज्या बरोबर ५ मिमी असेल तर हे आकडे जसेच्या तसे चालणार नाहीत. टूलच्या त्रिज्येएवढ्याच कोपऱ्यात शिरताना बाजूचा कट अर्ध्या मिमीवरून अचानक कितीतरी वाढतो. सरळ भिंतीवर सुखाने चाललेलं टूल तिथे टवकतं, आणि दोष कोटिंगला लागतो. कोपरा असेल तर ८ मिमीचं टूल घ्या किंवा प्रोग्रॅममध्ये कोपऱ्यापुरतं फीड उतरवा.

१२ मिमीच्या रेषेवर खाच पडत असेल तर सगळे जॉब एकाच खोलीवर कापू नका. काही जॉबनंतर टूलची खोली दोन मिमीने बदलली तरी झीज एकाच जागी खोल जात नाही, पसरते. कूलंटबद्दल एवढंच की सॉलिड टूलने ३०४ कापताना तो भरपूर आणि सतत हवा, धार बुडालेली हवी. नोझल एका बाजूला आणि जॉब मध्ये आडवा, अशी स्थिती असेल तर धार प्रत्येक फेरीत तापते आणि विझते. तसा अर्धवट कूलंट देण्यापेक्षा जोराची हवा मारलेली परवडते.

एवढं झाल्यावर कोटिंगचा विषय काढण्यात अर्थ आहे. या क्षेत्रात खरोखर मोठी कामं झाली आहेत आणि ती समजून घेतली तर 'नॅनो' हा शब्द ऐकल्यावर काय विचारायचं ते कळतं.

कार्बाइड इन्सर्टवर (टूलवर बसवायच्या, बदलता येणाऱ्या कापणाऱ्या तुकड्यांवर) टायटॅनियम कार्बाइडचा पातळ थर देऊन ती बाजारात आली १९६९ च्या सुमारास. तो थर सीव्हीडीने द्यायचे, म्हणजे साधारण १००० अंश सेल्सिअसला वायूंची अभिक्रिया घडवून. पुढे १९७० च्या दशकाच्या मध्यात अल्युमिनियम ऑक्साइडचा थर आला आणि टर्निंगचे (लेथवर कापण्याचे) स्पीड बदलून गेले, कारण हा थर तापलेल्या स्टीलशी जवळपास अभिक्रियाच करत नाही. पण १००० अंशांना हायस्पीड स्टीलचं टूल मऊ पडतं, आणि तीक्ष्ण धारेच्या कार्बाइडलाही ते तापमान मानवत नाही. म्हणून पीव्हीडी आली. निर्वात भट्टीत धातूची वाफ करायची, तिचे आयन टूलवर आदळवायचे, आणि हे सगळं ५०० अंशांच्या आतबाहेर. १९८० च्या आसपास सोनेरी ड्रिल दिसायला लागले ते याच टायटॅनियम नायट्राइडचे.

या दोन पद्धतींत माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा फरक आहे तो थरातल्या ताणाचा, आणि याबद्दल विक्रेते सहसा बोलत नाहीत. सीव्हीडीचा थर जास्त तापमानाला बसतो आणि थंड होताना कार्बाइडपेक्षा जास्त आकसतो. त्यामुळे तो ओढलेल्या अवस्थेत राहतो आणि त्यात सूक्ष्म चिरा पडतात. म्हणून चांगल्या इन्सर्टवर कोटिंगनंतर बारीक कणांचा मारा करून वरचा थर दाबाखाली आणतात. पीव्हीडीचा थर आयनांच्या माऱ्यामुळे मुळातच दाबलेला असतो. दाबलेल्या थरात चीर सहज पुढे सरकत नाही, म्हणूनच तुटक कट असलेल्या मिलिंगला पीव्हीडी आवडते. पण हाच दाब थर जाड होत गेला की उलटतो. तीक्ष्ण धारेवर थर दोन्ही बाजूंनी दाबलेला असतो आणि धारेपाशी त्याला सुटायला वाट मिळते. तिथून तो टवक्यांनी उडतो. म्हणून एंड मिलवर साधारण २ ते ४ मायक्रॉन, आणि सीव्हीडीच्या टर्निंग इन्सर्टवर मात्र १० ते २० मायक्रॉनही चालतात. "जास्त जाड म्हणजे जास्त टिकाऊ" हे एंड मिलला लागू होत नाही.

आता टीआयएएलएनची गंमत बघा. साधं टायटॅनियम नायट्राइड ५००-६०० अंशांच्या पुढे हवेत ऑक्सिडाइज व्हायला लागतं. त्यात अल्युमिनियम घातलं की ही मर्यादा ८०० च्या आसपास जाते, कारण तापल्यावर पृष्ठभागावर अल्युमिनियम ऑक्साइडचा अतिपातळ थर तयार होतो आणि तो पुढचा ऑक्सिजन अडवतो. शिवाय ८००-९०० अंशांना थराच्या आतच अल्युमिनियमचे आणि टायटॅनियमचे भाग काही नॅनोमीटरच्या पातळीवर वेगळे व्हायला लागतात, आणि त्यामुळे थर तापल्यावर काही काळ आणखी कडक होतो. त्यापुढे तापला तर अल्युमिनियम नायट्राइडची रचना बदलते आणि तो मऊ पडतो. म्हणजे या कोटिंगला ऊब हवी असते. कमी स्पीडने, भरपूर कूलंटखाली, ५ मायक्रॉनच्या चिपवर ते चालवलं तर त्याचे निम्मे गुण वापरातच येत नाहीत. म्हणूनच टॅपिंगसारख्या सावकाश कामात साधं टायटॅनियम कार्बोनायट्राइड अजूनही चांगलं चालतं: ते कडक आहे, घसरतं आहे आणि तिथे उष्णतेचा प्रश्न नाही.

'नॅनो' या नावाखाली दोन खऱ्या गोष्टी येतात. एक, नॅनोलेयर. दोन वेगवेगळ्या नायट्राइडचे काही नॅनोमीटर जाडीचे थर आळीपाळीने देत जायचं, म्हणजे ३ मायक्रॉनमध्ये शेकडो थर. चीर निघाली तर तिला प्रत्येक सीमेवर वळावं लागतं. दुसरी, नॅनोकॉम्पोझिट. १९९० च्या दशकाच्या मध्यात स्टान वेप्रेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की टायटॅनियम नायट्राइडचे काही नॅनोमीटरचे कण सिलिकॉन नायट्राइडच्या अत्यंत पातळ पडद्यात गुंडाळलेले असले तर थर विलक्षण कडक होतो. आज सिलिकॉन असलेली तांबूस-ब्राँझ रंगाची कोटिंग मिळतात ती याच कल्पनेची. कडक केलेलं डाय स्टील, ५५-६० एचआरसी (रॉकवेल कडकपणा), कोरडं आणि वेगात कापायचं असेल तर ती डोळे मिटून घ्या. पण इतका कडक थर ठिसूळपणाकडेही झुकतो. चिकट, कंप पावणाऱ्या ३०४ मध्ये, घासणाऱ्या धारेवर त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नका. तुमचं नॅनो टूल खोटं होतं असं मी म्हणत नाही. ते बहुधा दुसऱ्याच कामासाठी बनलेलं होतं.

स्टेनलेससाठी मला ज्या सुधारणेचं जास्त कौतुक वाटतं ती आहे गुळगुळीतपणाची. पीव्हीडीत बहुतेक कोटिंग आर्कने, म्हणजे विजेच्या ठिणगीने लक्ष्य धातूची वाफ करून, होतात. आर्कमध्ये आयन भरपूर मिळतात, म्हणून थर घट्ट चिकटतो, पण लक्ष्य धातूवरून वितळलेले सूक्ष्म थेंबही उडतात आणि थरात अडकतात. मायक्रोस्कोपखाली ते पुरळासारखे दिसतात. चिप सरकायच्या वाटेवर असा थेंब असला की ३०४ चा चिकट धातू तिथेच पकडतो, पुढे त्यावर थर चढतो आणि सुटताना टवका नेतो. स्पटरिंगमध्ये, म्हणजे आयनांच्या माऱ्याने लक्ष्य धातूचे अणू उडवण्याच्या पद्धतीत, थेंब नसतात, पण आयन कमी म्हणून पकड कमी. १९९९ मध्ये कुझनेत्सोव्ह आणि सहकाऱ्यांनी उच्च शक्तीचे अतिशय छोटे स्पंद देऊन स्पटरिंग करण्याची पद्धत मांडली. तिला हिपिम्स म्हणतात. तिच्यात आयनही भरपूर आणि थेंबही जवळजवळ नाहीत. थर दाट आणि गुळगुळीत बसतो. सूक्ष्म टूल आणि चिकट धातूंसाठी ही खरी प्रगती आहे. ती उपलब्ध नसेल तर आर्कने केलेलं पण नंतर पॉलिश केलेलं कोटिंग मागा. पॉलिशने थेंबांची डोकी जातात. स्टेनलेसमध्ये मला कोटिंगच्या नावापेक्षा या पॉलिशने जास्त फरक पडलेला दिसतो.

नावच हवं असेल तर तुमच्या कामाला दोन पर्याय सुचवतो: अल्युमिनियम-क्रोमियम नायट्राइड, किंवा चांगलं पॉलिश केलेलं टीआयएएलएन. पहिल्यात टायटॅनियम नाही; ते साधारण १००० अंशांपर्यंत ऑक्सिडेशनला दाद देत नाही आणि मिलिंगमधल्या आपटण्याला बरं तोंड देतं. दोन्हींत टूलची भूमिती मात्र स्टेनलेससाठीची घ्या: दातांचं अंतर असमान, हेलिक्स (फ्लूटचा पीळ) बदलता. त्याने कंप मोडतो, आणि टवक्यांवर त्याचा परिणाम कोटिंगपेक्षा आधी दिसतो.

दुसऱ्या धातूंबद्दल पटकन. अल्युमिनियम कापायला अल्युमिनियमवालं कोटिंग घेऊ नका, धातू चिकटतो. पॉलिश केलेलं विनाकोटिंग टूल, टायटॅनियम डायबोराइड किंवा डीएलसी (हिऱ्यासारख्या कार्बनचा थर) घ्या. ग्रॅफाइट आणि कार्बन फायबरला सीव्हीडी डायमंडला तोड नाही, पण तेच डायमंड स्टीलवर चालवलं तर तापलेल्या लोखंडात कार्बन विरघळतो आणि थर झपाट्याने जातो. टायटॅनियम मिश्रधातूंमध्ये तीक्ष्ण धार आणि कमी स्पीड आधी, कोटिंग नंतर.

रंगावरून काही ठरवू नका. टर्निंग इन्सर्टवरचा सोनेरी थर बऱ्याचदा फक्त धार वापरली गेली की नाही हे डोळ्यांना दिसावं म्हणून वर दिलेला असतो. खरं काम त्याखालच्या काळ्या अल्युमिनियम ऑक्साइडचं.

दोन कोटिंगची तुलना करणार असाल तर ती नीट करा, नाहीतर पैसे वाया जातात. स्पीड चुकूनही बदलू नका. कटिंग स्पीड आणि टूलचं आयुष्य यांचं नातं सांगणाऱ्या टेलरच्या समीकरणानुसार, कार्बाइडला घातांक ०.२५ धरला तर स्पीड २० टक्के उतरवल्यावर टूल लाइफ जवळपास अडीचपट होते. म्हणजे नवं टूल जरा सावकाश चालवून "कोटिंग भारी आहे" असं सिद्ध करणं अगदी सोपं आहे, आणि बाजारात तसं होतं. एकच होल्डर, एकाच लॉटचा धातू, तोच प्रोग्रॅम. एका टूलवरून निष्कर्ष काढू नका, प्रत्येक प्रकारची निदान तीन चालवा. आणि टूल तुटेपर्यंत चालवण्याऐवजी ठरावीक जॉबनंतर फ्लँकवरचा पट्टा मोजा. एंड मिलिंगच्या आयएसओ चाचणीत ०.३ मिमी एकसारखी झीज ही मर्यादा मानतात. १० मिमीच्या फिनिशिंग टूलला मी ०.१५ वरच थांबतो, कारण त्यापुढे कोसळायला वेळ लागत नाही आणि रीग्राइंडला (पुन्हा धार लावायला) धातू उरत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. रीग्राइंड आणि पुन्हा कोटिंग जरूर करा, पण टवके उडायच्या आधी टूल काढलं असेल तरच ते परवडतं. मोठा टवका असेल तर तो निघेपर्यंत व्यास बराच कमी होतो. धार लावताना जुनं कोटिंग सगळीकडून निघत नाही. फ्लूटमध्ये, मागच्या भागात ते राहतं. त्यावर नवा थर बसला की जाडी वाढते आणि आधी सांगितलेला दाबही वाढतो. एकदा-दोनदा हे चालून जातं, पुढे जुन्या-नव्याच्या सीमेवरून पापुद्रे सुटतात. मग रसायनाने जुनं कोटिंग काढून घ्यावं लागतं. हायस्पीड स्टीलवर हे सहज होतं. कार्बाइडवर जपून, कारण चुकीच्या रसायनाने किंवा जास्त वेळ ठेवल्याने पृष्ठभागातला कोबाल्ट विरघळतो. कोबाल्ट हाच कार्बाइडचे कण धरून ठेवतो, तो गेला की नवं कोटिंग पोकळ जमिनीवर बसतं आणि पहिल्याच जॉबला कार्बाइडच्या भुग्यासकट उडतं. ग्राइंडिंग जास्त गरम झालं असेल तरी असंच काहीसं होतं.

कोटिंग करणाऱ्याला विचारायच्या दोन चाचण्या. एकीत फिरत्या पोलादी गोळीने थरात छोटा गोल खळगा पाडतात आणि त्याच्या कडांवरून जाडी मोजतात. दुसरीत रॉकवेल यंत्राचं हिऱ्याचं टोक थरात दाबतात आणि ठशाभोवती थर किती फुटला, किती सुटला ते बघतात. नुसत्या बारीक चिरा चालतात. ठशाभोवती थर सुटून खालचा धातू उघडा पडला असेल तर पकड वाईट. या चाचण्या धारेवर होत नाहीत, म्हणून त्याच बॅचमध्ये ठेवलेल्या नमुन्याच्या तुकड्यावर किंवा टूलच्या शँकवर (होल्डरमध्ये जाणाऱ्या दांड्यावर) करायला सांगा.

आणि ग्राइंडिंगवाल्याला एक गोष्ट आठवणीने सांगा, कारण बहुतेक ठिकाणी हीच पायरी गाळली जाते: धार लावल्यावर आणि कोटिंगला पाठवण्याआधी धारेला हलकी गोलाई द्यायची. दगडाने ताजी लावलेली कार्बाइडची धार भिंगाखाली करवतीसारखी खरबरीत दिसते, त्या दातांवर बसलेलं कोटिंग दातांसकट पहिल्या काही सेकंदांत जातं. ब्रशने किंवा बारीक कणांच्या ड्रॅग फिनिशिंगने ५-६ मायक्रॉनची एकसारखी गोलाई आली की पुरे. टूल परत आलं की व्यास मोजून ऑफसेटमध्ये (मशिनमधल्या टूलच्या मापाच्या नोंदीत) नवा आकडा भरा, आणि फीड वाढवून पाहिल्यावर तिसऱ्या हिश्शात काढलेल्या टूलच्या चारही दातांचे फोटो इथे टाका. खाच आहे, चिकटलेला धातू आहे की कोरडा टवका, हे त्यावरून सांगता येईल आणि मग कोटिंगचं नाव नक्की करू.